उरलेला उंबरा

१

आमच्या घरात माणसांना जागा कमी आणि लाकडांना जास्त, हे आधीच सांगून टाकते. धरणगावात सुतारांची घरं काही कमी नाहीत. पण अंथरूण घालण्याआधी फळकुटं सरकवावी लागणारी सुतारीण मी एकटीच असेन. आमचे मिस्त्री ज्या घराच्या कामावर असत तिथून संध्याकाळी रिकाम्या हातानं कधी आले नाहीत. खांद्यावर वाशाचा तुकडा, बगलेत पट्ट्या, आणि काहीच नसलं तर धोतराच्या सोग्यात चार ढलप्या. ओसरीवर रास, माळ्यावर रास, न्हाणीच्या आडोशाला रास. त्यांतून विंचू निघायचे. मी ओरडायची, ते हसायचे.

"फेकू नको वं, कामले येई."

"कवय येई?"

"मी मरसू तवय तरी येई ना!"

मी तोंड फिरवून भाकरी थापायला बसायची.

बाभळीच्या न् कडुनिंबाच्या तुकड्यांचं मला काही वाटत नसे. प्रश्न सागाचा होता. आमच्यात रीत अशी, की नव्या घराचा उंबरा घडवताना जे लाकूड उरतं ते सुतारानं घरी आणायचं नाही. घरभरणीला ते त्याच घराच्या नव्या चुलीत घालायचं आणि त्या जाळावर दूध ऊतू जाऊ द्यायचं. मग ते घर पुरं झालं. मिस्त्रींच्या बापानं, आज्यानं हेच केलं होतं. मिस्त्रींना मात्र ते बघवत नसे. सातपुड्याचा जुना साग, चोपड्याहून बैलगाडीनं आलेला, रंधा मारला की हात फिरवत बसावंसं वाटणारा. "सागले चुल्हामा घालनं म्हंजे पाप शे," म्हणायचे. घरधन्याच्या हाती ते बाभळीची काटकं द्यायचे आणि उंबऱ्याचा तुकडा आमच्या माळ्यावर यायचा. दूध काय, बाभळीवरही ऊतू जातं. कोणी कधी विचारलं नाही.

२

त्या उन्हाळ्यात नवे पैसे नुकतेच आले होते आणि बाजारात रोज भांडणं होत होती. आमची पुष्पा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिच्यानंतर मला मूल झालं नव्हतं, त्यामुळे माझा सगळा जीव तिच्यात. तिला बैलगाडीतून उतरताना पाहिलं. पोर वाळून गेली होती, नुसतं पोट पुढे. बेबाबाई सुईणीनं तिला हात लावून पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "जपनं पडी," एवढंच म्हणाली.

बाळंतिणीला आडोसा हवा, वाऱ्यापासून बचाव हवा. पुढची खोली म्हणजे कारखाना. मागची खोली चांगली, गार, वर गजांची छोटी खिडकी. पण तिला दार नव्हतं. गावाला दारं करून देणाऱ्याच्या घरात मी वर्षानुवर्षं गोणपाट लावून होते.

मिस्त्रींना स्फुरणच चढलं. माळ्यावरचे सागाचे तुकडे त्यांनी खाली काढले. एका टोकाला कुसू, म्हणजे जीभ, काढायचं, दुसऱ्याला खाच, आणि तुकडा तुकड्यात ठोकून बसवायचा. बघता बघता चौकट झाली; दाराच्या फळ्या मग बसवायच्या होत्या. सांधा नखाला लागत नव्हता. मला बोलावून बोटानं दाखवू लागले. "हाऊ चोपडाना शालिग्रामशेटना घरना. हाऊ कौतिक आबाना. हाऊ पाळधीना." त्यांना प्रत्येक तुकड्याचं घर आठवत होतं. उंबरा तर सगळा उंबऱ्यांच्याच तुकड्यांचा होता.

"आते बोल. कामले उनं का नही?"

मी हसले. खरंच सुरेख झालं होतं.

रहीमभाई गवंड्यानं मातीविटांत चौकट पक्की केली. मिस्त्रींचं न् त्याचं जुनं मैत्र, एकाच्या कामावर दुसरा असायचाच. हात धुताना तो म्हणाला, "तोतारामभाऊ, ढलपी किधर है? भाभीला चुलीला होईल."

मिस्त्रींनी इकडेतिकडे पाहिलं. ढलपी नव्हती. कुसू न् खाचांचा भुसा होता तेवढाच. तुकडे लांबीला कापावेच लागले नव्हते, ते म्हणाले. जसे होते तसे बसत गेले. जन्मात असं पहिल्यांदा झालं म्हणून ते खूश होते आणि मीही खूशच होते.

३

सकाळी सडा घालून मी पुढच्या दाराच्या उंबऱ्याला हळदीकुंकू लावते. मागच्या खोलीच्या उंबऱ्यालाही लावायला गेले, तर तो आधीच पुजलेला.

पुष्पाला म्हटलं, वाकू नको बाई, मी आहे ना. ती म्हणाली, मी कुठे वाकले?

मग मिस्त्री? त्यांनी आयुष्यात कुंकवाची वाटी उचललेली नाही. शेजारची सुनंदाबाई येऊन गेली असेल म्हणून मी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी बोटं आडवी ओढते, माझ्या सासूनं तशीच शिकवली. ही बोटं उभी होती. आणि ओली होती. त्यानंतर एकदा नुसते ठिपके, कडेला रांगोळीची वेल. एकदा हळद फार, कुंकू कमी. रोज हात वेगळा. मी सुनंदाबाईला आडून विचारलं तर तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की पुढे विचारवेना.

बाईचं मन कारणं शोधण्यात पटाईत असतं. मी म्हटलं, आपणच पहाटे झोपेत लावत असू. पोरीची काळजी आहे, उन्हाळा आहे, डोकं ठिकाणावर नाही. माझ्या कुंकवाच्या डबीत पाहिलं. कुंकू होतं तेवढंच होतं.

मी ओल्या फडक्यानं ते पुसायची आणि माझी आडवी बोटं ओढायची. हे कोणाला सांगितलं नाही.

४

खानदेशातली वैशाखाची दुपार ज्यानं पाहिली नाही त्याला कसं सांगू? गल्लीत कुत्रं नसतं. पत्रे तडतडतात. माणसं आपापल्या घरात मेल्यासारखी पडलेली असतात. कधी कधी मला वाटतं, भुतांना अंधाराची काय गरज? ही दुपार पुरेशी आहे.

अशा एका दुपारी मी ओसरीवर पडले होते. मिस्त्री कामावर. मागच्या खोलीत पुष्पा झोपली होती. आणि तिथून जात्याची घरघर ऐकू आली.

आमचं जातं माझ्या उशाशी होतं. मी त्याच्यावर हात ठेवला. ते गप्प होतं.

घरघर थांबली. कोणीतरी म्हातारं खोकलं. भांडं ठेवल्याचा आवाज. बांगड्या. घरात चार माणसं असली की दुपारी जसे आवाज येतात तसेच, त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. फक्त ते घर आमचं नव्हतं. मी उठले, दाराशी गेले. "कोन शे मझार?" आवाज बंद झाले. आत पुष्पा कुशीवर झोपलेली, दुसरं कोणी नाही.

ती जागी झाली आणि माझ्याकडे बघून हसली. "माय, आते तू मनं डोकं दाबी दिन्हं ना, लई बरं वाटनं. तुना हात कितला गार व्हता वं."

मी दारातच उभी राहिले. माझे हात उन्हानं भाजत होते.

"तुले मनं तोंड दिसनं का?" मी विचारलं.

"पदर व्हता ना डोकावर. आनि दारमा उभी ऱ्हायनी का तू काळीच दिसस."

खोलीत अंधार, दारात उजेड. खरंच आहे, दारातली बाई काळीच दिसते. मी तिला म्हटलं, हो, मीच होते.

५

त्याच आठवड्यात उंबऱ्याच्या आतल्या बाजूला मला पीठ दिसलं.

सांडलेलं नव्हतं. चाळणीनं पसरावं तसं एकसारखं, पातळ. मी बोटावर घेतलं. गव्हाचं. आमच्या घरात तेव्हा ज्वारी न् बाजरी, गहू कुठला? त्या पिठात पावलं उमटली होती. अनवाणी, बाईची, टाचेला भेगा असलेली. सगळी आत जाणारी. बाहेर येणारं एकही नव्हतं. खाटेवर पुष्पा झोपली होती आणि पावलं खाटेपर्यंत जाऊन थांबली होती.

मी केरसुणी घेतली आणि सगळं झाडून टाकलं. रडत झाडलं.

दुसऱ्या दिवशी रहीमभाई चोपड्याहून आला. ओसरीवर पाणी पीत म्हणाला, "भाभी, शालिग्रामशेटकी माँ गुजर गई. कल दोपहर."

माणूस जातं त्या जागी आम्ही पीठ पसरतो, वर दिवा ठेवतो. दुसऱ्या दिवशी पिठात काय उमटलं ते बघतात, म्हणजे जीव कुठल्या जन्माला गेला ते कळतं. मी विचारलं, "पीठमा काय उमटनं?"

"वोही तो. सब बोल रहे थे, कुछ नहीं. पीठ कोरा का कोरा."

मी त्याला सगळं सांगितलं, हळदीकुंकवापासून. वाटलं होतं हसेल. तो हसला नाही. चौकटीकडे बघून म्हणाला, "भाभी, बच्ची को दुसरे कमरे में सुलाओ."

६

संध्याकाळी मी मिस्त्रींसमोर पदर पसरला. म्हटलं, चौकट काढा. त्या घरांचं त्यांना देऊन टाका, नाहीतर नदीत टाका, पण माझ्या पोरीच्या दारातून काढा.

ते चिडले. "येडी व्हयनी का तू? भित खाले येई."

भिंत खरंच खाली आली असती. रहीमभाईनं चौकटीवरच वरचं बांधकाम पेललं होतं. तरी मी ऐकेना. शेवटी त्यांनी मान डोलावली, पण त्यांचा हात चौकटीवरून फिरत होता. पोर मोकळी होऊ दे, मग काढू, म्हणाले.

मी पुष्पाला पुढच्या खोलीत आणलं. पहाटे तिला कळा सुरू झाल्या. बेबाबाई आली, भुसा न् करवती बघून तिनं कपाळाला हात लावला. "आठे बाळंतपन? हाई का जागा शे?" आणि माझं काही न ऐकता तिला उचलून मागच्या खोलीत नेलं. मी उंबऱ्याशी अडले. पुष्पा आतून किंचाळली आणि मी तो ओलांडला. लेक तिकडे असताना कोणती आई अलीकडे थांबेल?

उन्हं वर आली तेव्हा मुलगी झाली. पुष्पा जगली. मी भिंतीला टेकून मोठ्यानं रडले आणि बेबाबाई मला हसली.

७

बाहेर आले तर उंबरा लाल होता. एकीचा हात नव्हे. बोटांवर बोटं, ठिपक्यांवर ठिपके, हळद ओघळून जमिनीला लागलेली. सगळ्या घरांच्या बायका बाळ बघायला येऊन गेल्या होत्या.

मी आत धावले. बाळ पुष्पाच्या कुशीत होतं. त्याच्या गालाला काजळाचं बोट लावलेलं होतं. आमच्या घरात अजून काजळ धरलंही नव्हतं.

तीन दिवस मी खोली सोडली नाही. पण माणूस आहे, डोळा लागतो. जागी झाले की बाळाची दुपटी नीट केलेली. एकदा डोक्यावर कुंची. जुन्या लुगड्याची, हातानं शिवलेली, फार माया लावून शिवलेली. मला ती कुंची बघून जी भीती वाटली ती पावलं बघूनही वाटली नव्हती. ती पावलं वाट चुकलेल्या म्हातारीची होती. ही जी कोणी होती, तिला बाळ हवं होतं.

पुष्पा ग्लानीत होती. "माय, ते गानं म्हन ना, सकाळनं." मी सकाळी कोणतंही गाणं म्हटलं नव्हतं.

८

मिस्त्रींच्या हातात मी कुंची ठेवली. त्यांनी ती उलटी-सुलटी केली. चेहरा पडला. ते रहीमभाईला घेऊन आले.

चौकट निघणार नव्हती. उंबरा निघण्याजोगा होता, खालून कापला की झालं. बाळाला आधी बाहेर आणा, रहीमभाई म्हणाला. मी नाही म्हटलं. बाळ आतच जन्मलं होतं, त्यानं तो उंबरा अजून ओलांडला नव्हता. दुसऱ्यांच्या घरांवरून मी त्याला कशी नेऊ? आधी उंबरा जाऊ दे, मग मोकळ्या मातीवरून नेईन. अजूनही मला वाटतं, दुसऱ्या कोणीही हाच विचार केला असता.

मी वाकून आत पाहिलं. पुष्पा भिंतीकडे तोंड करून, कुशीत दुपट्याचं गाठोडं. झोपू दे म्हटलं.

करवत चालली. भर दुपार होती. मी चुलीवर दूध ठेवलं. मिस्त्रींनी तुकडे आणून दिले, तेव्हा त्यांचे डोळे भरले होते, पण हात मागे घेतला नाही. जे तेव्हा त्या त्या चुलीत व्हायला हवं होतं ते आता आमच्या चुलीत होऊ दे, असं म्हणत हात जोडून मी साग पेटवला. काय जळतो साग! तेल घातल्यासारखा.

दूध वर येऊ लागलं. तेवढ्यात बाळ रडलं. आतूनच रडलं असं मला वाटलं, आणि बरं वाटलं. भूक लागली असेल. रडणं वाढलं. दूध ऊतू गेलं, जाळावर चर्र झालं, आणि त्याच क्षणी रडणं थांबलं.

मग आतून पुष्पाची हाक आली. झोपेतली, निवांत.

"माय, बाळ तुनाजोडे शे ना?"

मी चुलीपाशी बसलेली. मिस्त्री आणि रहीमभाई दारात, हातात करवत. बाळ कोणाजवळच नव्हतं.

"तूच उनी व्हती ना लेवाले," पुष्पा म्हणाली. "न्हाऊ घालाले."

मी चुलीत हात घातला.

९

गावानं विहिरी पाहिल्या, केळीच्या बागा पाहिल्या. कोणी म्हणालं कुत्र्यानं नेलं, कोणी म्हणालं बाईनं. पण दारात दोन पुरुष करवत चालवत बसलेले असताना कोण कसं जाईल? खिडकीच्या गजांतून माझा हात जात नाही. मिस्त्री आणि मी त्या प्रत्येक घरी गेलो, चोपडा, पाळधी, सगळी. मिस्त्री एकही घर विसरले नव्हते. बायकांनी पाणी दिलं, बसायला टाकलं. एकाही घरात तान्हं नव्हतं. मी प्रत्येक घराचा उंबरा हातानं चाचपून पाहिला. लोकांना वाटलं, बाई शोकानं खुळावली.

पुष्पा सासरी परत गेली. ती मला पत्र घालत नाही. तिला वाटतं, बाळ मीच घेतलं होतं आणि माझ्या हातून काही झालं. तिनं मला पाहिलं होतं ना, दारात उभी असलेली.

मिस्त्रींनी माळा रिकामा केला. ओसरी रिकामी केली. सगळी रास होळीला देऊन टाकली आणि आता कामावरून हात झटकून घरी येतात. मी भाजलेल्या हातांनी चुलीतून ओढलेला एकच तुकडा राहिलाय, वीतभर, अर्धा कोळसा. तो कुठल्या घरचा, ते मिस्त्रींनाही ओळखता येत नाही. बाळ गेलं ती वाट पुरती बुजू नये म्हणून तो मी मागच्या खोलीच्या दारात, उंबऱ्याच्या जागी मातीत बसवलाय. रोज सकाळी त्याला हळदीकुंकू लावते. दुसऱ्या कोणाचं बोट त्यावर कधी आलं नाही. तीन उन्हाळे गेले.

मिस्त्री हात जोडतात. "फेकी दे वं आते."

"ऱ्हाऊ द्या," मी म्हणते. "कामले येई."

काल सकाळी वाटी घेऊन गेले, तर त्याच्यावर कुंकू होतं. ओढलेली बोटं नव्हती. सगळा पंजा, लहान, फासलेला. मूल आईच्या डबीत हात घालतं आणि मिळेल तिथे पुसतं तसा. शेजारी ओलसर डाग होता. कोणीतरी पदरानं ते घाईघाईनं पुसायचा प्रयत्न केला होता.

मी ते पुसलं नाही. वाटी खाली ठेवली आणि त्या पंजाच्या बाजूला, त्याला धक्का न लावता, माझी आडवी बोटं ओढली.